डोळे उघडण्याआधीची दुर्गा

उत्तर कोलकात्यात, शोभाबाजारजवळ, हुगळीच्या काठाला लागून कुमारटुली आहे. बंगालीत कुमोर म्हणजे कुंभार. नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरकडून आलेल्या कुंभारांनी वसवलेली ही वस्ती. बनमाली सरकार स्ट्रीटवरून आत शिरले की दोन्ही अंगांना लांबट, अंधाऱ्या कार्यशाळा लागतात आणि प्रत्येकीत दाटीवाटीने उभ्या दुर्गा. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे या गल्लीत कॅमेरा घेऊन शिरणारा माणूस.

पूजेच्या आधीच्या पंधरवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. मूर्ती बाहेर काढणारे हमाल, सजावटीचे सामान आणणारी पोरे आणि त्यांच्या मधोमध कॅमेरे. बहुतेकांना एकच क्षण हवा असतो: चोक्खूदान, म्हणजे देवीचे डोळे रेखणे. परंपरेने हे काम महालयेला, आपल्या सर्वपित्री अमावास्येला होते. घरातला जाणता कारागीर श्वास रोखून कुंचला टेकवतो आणि मातीचा चेहरा पाहू लागतो. क्षण विलक्षण आहे, यात शंकाच नाही. पण सगळे त्याच दिवशी, त्याच कोनात, त्याच कुंचल्यामागे उभे राहतात आणि म्हणून सगळी छायाचित्रे एकमेकांसारखी येतात.

कुमारटुलीची गोष्ट त्याच्या तीन महिने आधी सुरू होते. आपल्याकडे पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात, तेव्हा रथयात्रेच्या दिवशी तिकडे काठामो पूजा होते. काठामो म्हणजे मूर्तीचा बांबू-लाकडाचा सांगाडा. त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून बांधतात आणि बघता बघता दहा हात, वळलेली कंबर, सिंहाची उडी, महिषासुराची छाती आकाराला येते. डोके मात्र नसते. मुखवटे साच्यातून वेगळे काढतात, बोटेही वेगळी घडवतात आणि मागाहून बसवतात. पावसाळी दुपारी एखाद्या कार्यशाळेत बिनडोक्याच्या पेंढ्याच्या देव्या रांगेने उभ्या असतात, त्यांच्या सावलीत कारागीर जेवून आडवे झालेले असतात. या दिवसांत तिथे जाणारा छायाचित्रकार विरळाच. खरे तर पेंढ्याइतकी बोलकी वस्तू कॅमेऱ्याला दुसरी मिळायची नाही. प्रत्येक काडीवर उजेड वेगळा पडतो आणि सुतळीच्या प्रत्येक गाठीत बांधणाऱ्याचा हात दिसतो.

मग माती. आधी चिकट एंटेल माती, तीत भाताचा तूस मिसळलेला. त्यावर बारीक, वाळूसर बेले मातीचा हात. वाळताना तडे गेले की पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या त्यांवर चिकटवतात. पाऊस थांबतच नसेल तर पंखे लावून आणि ज्वाळेच्या शेकाने मूर्ती वाळवतात. त्यानंतर खडूसारख्या खोडी मातीचा पांढरा थर, मग रंग आणि शेवटी चेहऱ्यावर घामतेल. नाव किती नेमके आहे! असुराशी लढून देवीला आलेला घामच तो. चिंचोक्याची खळ रंग धरून ठेवते आणि घामतेल त्याला चकाकी देते.

छायाचित्रकाराची खरी परीक्षा इथे होते. पांढऱ्या थरातली मूर्ती कॅमेऱ्याच्या मीटरला फसवते. यंत्र पांढऱ्याला राखाडी समजते आणि चित्र काळवंडते, म्हणून एक-दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. डोक्यावर निळी ताडपत्री असेल तर देवीचा पिवळा चेहरा हिरवट दिसतो, शेजारी साधा बल्ब असेल तर एक गाल निळा आणि एक केशरी. आणि घामतेल लावलेल्या चेहऱ्यावर सरळ फ्लॅश मारला, तर कपाळावर पांढरा डाग उमटतो आणि डोळ्यांमधला सगळा भाव पुसला जातो.

या अडचणीवरची वाट बंगालमध्येच सापडलेली आहे. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (1956) छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उजळले, ते वर पांढरे कापड ताणून आणि त्यावर दिव्यांचा झोत टाकून. परतून आलेला मऊ प्रकाश खऱ्या आकाशातून उतरल्यासारखा वाटला. आज कुमारटुलीत कोणी पांढऱ्या पुठ्ठ्यावरून उजेड परतवून देवीच्या गालावर घेतो, तेव्हा तो मित्रांचीच रीत चालवत असतो. याच जोडीच्या ‘देवी’ (1960) चित्रपटाची श्रेयनामावली प्रत्येक छायाचित्रकाराने पुन्हा पुन्हा पाहावी. आधी कोरा पांढरा मुखवटा, मग हळूहळू त्यावर चेहरा उमलत जातो. मूर्ती ही घडत जाणारी गोष्ट आहे, हे त्या काही मिनिटांत कळते.

चेहऱ्यांच्या दोन जातीही ओळखता आल्या पाहिजेत. जुन्या बांगला धाटणीचे मुख विड्याच्या पानाच्या आकाराचे, डोळे कानाकडे ताणलेले. ही देवी सहसा एकचाला असते, म्हणजे मुलाबाळांसह एकाच प्रभावळीत बसवलेली. दुसरी धाटणी माणसासारखी. मूर्तिकार गोपेश्वर पाल यांनी 1930च्या दशकात एकचाला मोडून लक्ष्मी, सरस्वती, गणेश, कार्तिक यांना सुटे उभे केले आणि मूर्तीत हालचाल आणली. बांगला मुखाचे चित्र समोरून, स्थिर घ्यावे. बाजूने घेतले की डोळ्यांची लय मोडते. पालांच्या वळणाची मूर्ती मात्र तिरक्या कोनातूनच जिवंत होते. सजावटीलाही तिचा स्वभाव असतो. शोला म्हणजे आपल्या बाशिंगाचे भेंड, ते उजेड पिऊन टाकते. डाकेर साजाची चंदेरी पन्नी, जी एके काळी जर्मनीहून डाकेने येत असे, तो उजेड परत फेकते.

आता वागणुकीबद्दल. पूजेच्या तोंडावर कुमारटुलीतला एकेक तास मोलाचा असतो. गर्दी इतकी वाढली की कारागिरांच्या संघटनेला कॅमेऱ्यासाठी शुल्क लावावे लागले, आणि ते रास्तच आहे. पाठीवरच्या बॅगेचा धक्का लागून ओल्या मातीचे बोट तुटते, ते पुन्हा घडवायला कारागिराची रात्र जाते. गल्लीत ट्रायपॉड उभा करणे म्हणजे त्याची वाट अडवणे. ज्याला चांगले चित्र हवे, त्याने आषाढात जावे, एकच कार्यशाळा आणि एकच मूर्ती निवडावी, पुन्हा पुन्हा तिथेच जावे आणि प्रत्येक वेळी मागच्या फेरीचे छापील फोटो हातात ठेवावेत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कारागीर कॅमेऱ्याकडे बघायचे सोडतो आणि आपल्या कामात बुडतो. हवे ते चित्र तेव्हा मिळते.

हे सारे टिपण्याचे कारण साधे आहे. दशमीला मूर्ती हुगळीत जाते, माती विरघळते, काठामो पाण्यातून ओढून काढला जातो आणि पुष्कळदा पुढच्या वर्षी पुन्हा वापरात येतो. डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोने कोलकात्याची दुर्गापूजा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या वारशातले पुष्कळसे काम दर वर्षी पाण्यात जाते आणि त्याचे रूप छायाचित्रांतच उरते.

2020 मध्ये कोलकात्यातल्या बेहालाच्या बरिशा क्लबने, टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेल्या मजूर स्त्रीच्या रूपात दुर्गा उभी केली. कडेवर मूल, अंगावर साधे लुगडे. बिकाश भट्टाचार्य यांच्या चित्रांतून स्फुरलेली ती मूर्ती पल्लब भौमिक यांनी घडवली होती. तिचे छायाचित्र देशभर फिरले, पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले. पण त्यातल्या किती जणांना भौमिकांचे नाव ठाऊक झाले?

दादरला शिवाजी पार्कवरही बंगाली मंडळींची पूजा असते, तिथे पुष्कळ मराठी माणसे कॅमेरा घेऊन जातात. पुढच्या अश्विनात आपण देवीचे छायाचित्र काढाल, तेव्हा मूर्ती कोणी घडवली हे मंडपात विचारा आणि छायाचित्राखाली आपल्या नावाच्या आधी त्या मूर्तिकाराचे नाव लिहा.