शनिवारची मैत्री

शाळा म्हटली की मुलांचे कंपू आलेच. अभ्यासू मुलांचा एक, खेळाडूंचा दुसरा, उनाडांचा तिसरा. परंतु पंधरासोळा वर्षांचे मूल जेव्हा कंपूचे नाव हीच आपली ओळख मानू लागते, तेव्हा ती बाब विचार करावयास लावते. जॉन ह्यूज यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'द ब्रेकफास्ट क्लब' हा १९८५ सालचा अमेरिकन चित्रपट नेमका येथेच हात घालतो.

कथानक अगदी लहान आहे. इलिनॉय राज्यातील शर्मर या कल्पित गावच्या शाळेत, २४ मार्च १९८४ च्या शनिवारी, पाच मुलांना शिक्षा म्हणून दिवसभर ग्रंथालयात बसविण्यात येते. 'आपण कोण आहोत' या विषयावर प्रत्येकाने हजार शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो. ब्रायन अभ्यासू, अँड्र्यू कुस्तीगीर, क्लेअर श्रीमंताची लाडकी, बेंडर गुंड आणि अ‍ॅलिसन विक्षिप्त, अशी ही मंडळी. सकाळी ती एकमेकांना या शिक्क्यांनीच ओळखतात.

दिवस चढतो तसे शिक्के उकलू लागतात. वडिलांना आपला अभिमान वाटावा म्हणून अँड्र्यूने एका दुबळ्या मुलाचा छळ केलेला असतो. एका विषयात नापास झाल्यामुळे ब्रायनच्या मनात जीव देण्याचा विचार येऊन गेलेला असतो. बेंडरच्या हातावर बापाने सिगारने दिलेला डाग असतो. शिक्का शाळेत उमटला, तरी त्याची शाई बहुधा घरची असते.

मग ब्रायन विचारतो: सोमवारी आपण मित्र राहू काय? क्लेअर म्हणते, नाही. सारे तिच्यावर संतापतात. पण तिने निदान खोटे आश्वासन दिलेले नसते.

अखेर ब्रायन सर्वांच्या वतीने एकच निबंध लिहितो. आम्हा प्रत्येकात हे पाचही जण आहेत, असे तो शिक्षकांना बजावतो. तथापि चित्रपटालाही हे तत्त्व पूर्णपणे पेललेले नाही. क्लेअर अ‍ॅलिसनला नटविते, आणि त्यानंतरच अँड्र्यूची दृष्टी तिच्यावर खिळते. एक साचा मोडावा आणि मुलीला लगेच दुसऱ्यात बसवावे, असाच हा प्रकार झाला.

सोमवार मात्र पडद्यावर येत नाही. शाळेच्या भरल्या मार्गिकेत, आपापल्या सोबत्यांच्या देखत, ही मुले एकमेकांना ओळख देतील की मान वळवून पुढे जातील, हे ह्यूज सांगत नाहीत. खरी परीक्षा त्याच दिवशी होती.