शेताची कड आणि घरची चूल

(महिला मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला विषय दिला आहे तो 'काटकसरीचा स्वयंपाक आणि घरच्या घरी हस्तकला'. आमंत्रण आले तेव्हा मला हसू आले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर सेवेला गेले तेव्हा मी पहिला कार्यक्रम ठेवला तो नेमका याच विषयाचा, आणि तो पार फसला.

मी शहरातून शिकून गेलेली, ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा नुकताच हातात पडलेला. शेगडी, कुकर, मूगडाळ, गाजर, सोयाबीनच्या वड्या असे सगळे जीपमधून नेले आणि समाजमंदिरात 'पौष्टिक खिचडी' करून दाखवली. बायका शांतपणे बसून बघत होत्या. मला वाटले, छान चालले आहे. शेवटी एका आजींनी विचारले, "ताई, खिचडी गोड झाली. पण ही गाजरं आणायची कुठनं? बाजार सोमवारी. जायला-यायला गाडीभाडं लागतं. आणि कुकर कुणाचा?" त्यांचा स्वर टोमण्याचा नव्हता. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून मी शिकवणे थांबवले आणि चुलीजवळ बसू लागले. आज तुम्हाला जे सांगणार आहे त्यातले बरेचसे तिथेच शिकलेले आहे.

पहिला धान्यमान नागलीचा. आपण तिला नाचणी म्हणतो, तिकडे नागली. डोंगराच्या उताराच्या वरकस जमिनीत पावसाळ्यात ती लावतात आणि दिवाळीच्या सुमारास कापतात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट. आणि हे धान्य आपण काय म्हणून ओळखतो? गरिबाचे, काळी भाकर. पाच हजारांच्या भोजनाच्या वेळी त्या मुलाजवळ ज्या भाकरी होत्या त्या जवाच्या होत्या, आणि जव हेही त्या काळी गरिबांचेच धान्य होते. प्रभूने गव्हाची मागवून घेतली नाही.

आता एक कृती सांगते, ती जरा लक्ष देऊन ऐका, विशेषतः ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांनी. नागली निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी काढून सुती फडक्यात सैलसर बांधून ठेवा, फडके ओलसर ठेवा. दीड-दोन दिवसांत बारीक मोड दिसतात. ती सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजा आणि दळून आणा. एवढ्याने काय होते? मोड येताना धान्यात असे द्रव्य तयार होते की ज्याने पिठातला स्टार्च पातळ होतो. साध्या पिठाची पेज घट्ट करायला गेले की लापशीसारखी चिकट होते आणि वर्षाचे मूल चार चमच्यांत तोंड फिरवते. पातळ केली तर वाटीभर पाणीच पोटात जाते. मोडाच्या पिठाची पेज मात्र दुप्पट पीठ घातले तरी सरसरीत राहते. मुलाचे पोट मुठीएवढे. त्या मुठीत पाणी जायचे की धान्य, हा सगळा प्रश्न आहे. नुसते साधे पीठ असेल तर शिजवलेल्या घट्ट पेजेत चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळा आणि पुन्हा एक उकळी आणा, तुमच्या डोळ्यांदेखत ती सैल होईल. वर अर्धा चमचा तेल, असेल तर शेंगदाण्याचा कूट आणि गूळ.

मोठ्यांसाठी आंबील. तीन चमचे पीठ रात्री ताकात भिजवायचे, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून ढवळायचे, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण. झाले.

रानभाज्यांचे बोलायला लागले तर वेळ पुरणार नाही. टाकळा, कुर्डू, करटोली, बांबूचे कोंब, मोहाची फुले. मोह म्हटले की आपल्या मंडळीत लगेच दारू आठवते! पण चैत्रात पहाटे गळलेली ती फुले वेचून, वाळवून, भाजून तिळाबरोबर कुटली की इतका गोड लाडू होतो की साखर लागत नाही. मात्र एक सावधगिरी सांगते. रानभाजी माहितगाराशिवाय चुलीवर चढवू नका. पहिल्या पावसात शेवळे येतात. मी ती उत्साहाने आणली, चिरली, फोडणीला टाकली आणि त्याच दिवशी आलेल्या पाळकसाहेबांना वाढली. शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालायची असतात, नाहीतर घसा खाजतो, हे मला कुणी सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. त्या दिवशी जेवणानंतरची उपकारस्तुती दोन वाक्यांत आटोपली. साहेब आजही भेटले की आधी विचारतात, "आज भाजी कोणती?"

आता मूळ मुद्द्यावर येते. काटकसर शिकवायला आपण पाड्यावर जातो, पण त्या घरात काटकसर करण्याजोगे काही उरलेलेच नसते. डब्यात दोन दिवसांचे तांदूळ, ते चार दिवस पुरवायचे. त्याला आपण काटकसर म्हणतो. ती आई त्याला तसे म्हणत नाही. आपल्याजवळ असूनही कमी वापरणे म्हणजे काटकसर. नसल्यामुळे कमी खाणे म्हणजे उपासमार. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हे कळले होते. मग पुन्हा विसर पडला.

एका बाळाची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही. मुलगी दीड वर्षाची. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावली तर ती लाल रंगावर थांबली, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. अंगणवाडीताईंनी आरोग्य केंद्रात नेले, औषधोपचार झाले, आणि घरी आल्यावर तिच्या आईने नेमाने मोडाच्या पिठाची पेज सुरू केली. पावसाळाभर आम्ही पट्टी लावत होतो. लालवरून पिवळ्यावर. दसऱ्याच्या सुमारास हिरव्याच्या काठावर. आम्ही प्रार्थनासभेत देवाचे आभार मानले, मी तर डोळे पुसत होते. मग दिवाळी झाली आणि ते कुटुंब भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले, दरवर्षी जाते तसे. आगाऊ उचल घेतलेली होती, न जाऊन चालणार नव्हते. आईने जाताना पिठाचा एक डबा सोबत नेला. होळीला ते परत आले तेव्हा पट्टी पुन्हा पिवळ्यावरून लालकडे झुकलेली होती. मी आईला विचारले, "पेज बंद केलीस काय गं?" ती म्हणाली, "ताई, डबा नाताळालाच संपला. तिथं नागली कुठं? आणि पहाटेपासून मी मातीत, पेज करायची कुणी?"

मी तिला जाब विचारल्यासारखा तो प्रश्न विचारला होता, याची मला अजून लाज वाटते.

त्या रात्री मी लेवीय पुस्तक काढून बसले. कापणीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. शेताच्या कडेपर्यंत कापू नये, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा. इतकी वर्षे वाचलेला भाग. पण त्या रात्री पहिल्यांदा जाणवले की देवाने गरिबाला काटकसरीने वेच असे सांगितलेले नाही, शेतवाल्याला फार काटकसर करू नकोस असे सांगितले आहे. कडेपर्यंत कापणारा शेतकरी आपल्या हिशोबाने काटकसरीच असतो! रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ती तिथे काही सोडलेले होते म्हणून.

माझी आई अहमदनगरची. आम्ही पाच भावंडे आणि वडिलांचा एकट्याचा पगार. शिळ्या भाकरीचा कुस्करा, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, फ्लॉवरच्या देठांची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची कोशिंबीर. घरातून काही वाया गेलेले आम्ही पाहिले नाही. पण तांदूळ मापून झाले की ती त्यातली एक मूठ काढून निराळ्या डब्यात टाकायची. आधी मूठ, मग आधण. महिन्याच्या शेवटी तो डबा गल्लीतल्या एका विधवेकडे जायचा. महिनाअखेरीला आमचेच तांदूळ कमी पडायचे, तरी त्या डब्याला हात लागत नसे. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आईची कड ती मूठ होती, हे आत्ता समजते.

तेव्हा भगिनींनो, काटकसर आपण आपल्या घरी करायची आणि वाचेल त्याची कड सोडायची. आमच्या पाड्यावरचा महिला गट आता दिवाळीआधी नागलीला मोड आणून दळतो आणि स्थलांतराला निघणाऱ्या, लहान मूल असलेल्या घरांना फेब्रुवारीपर्यंत पुरेल एवढे पीठ बांधून देतो. नागली पाड्यावरच्याच शेतकऱ्यांकडून पैसे मोजून घेतो, दळणाऱ्या बायकांना मजुरी देतो. याने भट्टी बंद होत नाही, हे मला माहीत आहे. मजुरीचा आणि उचलीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर बोलणारी माणसे तिथे आहेत, आपण त्यांच्याही पाठीशी राहिले पाहिजे. पण भट्टीवर पेज ढवळायला आजी किंवा मोठी बहीण असली तर ते पीठ कामाला येते. ती मुलगी आता शाळेत जाते.

हस्तकलेचे थोडक्यात सांगते, कारण माझी वेळ संपत आली आहे.

तुम्ही जुने कपडे पाठवता, त्याबद्दल आभार. पण स्पष्ट बोलू का? मागच्या गाठोड्यात चेन तुटलेल्या पँटी होत्या, एकेकटे मोजे होते आणि पार्टीचा एक चमचमता गाऊन होता. यापोच्या टबीथेने विधवांसाठी स्वतः अंगरखे शिवले होते. कपाटातले नकोसे काढून पाठवले नव्हते. म्हणून यंदा कपडे नकोत, गोधड्या द्या. मोखाड्याला डिसेंबरात चांगली थंडी पडते.

जुन्या सुती साड्या घ्या. सिंथेटिक नको, ती आत सरकते आणि बाळाची लघवी शोषत नाही. चांगली साडी घडी घालून खाली अंथरा, विरलेल्या साड्या मध्ये, आणि वर रंगीत तुकडे जोडून केलेला थर. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा, हाताने सगळीकडे नीट साफ करा आणि आधी लांब कच्चे टाके घाला, नाहीतर आत गोळे होतात. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत या. बाळाची गोधडी तीन साड्यांत होते. चार जणी बसल्या तर दोन दुपारी. आणि त्या दुपारी मोबाईल आत ठेवा, गोधडीभोवती बसून बायका जे बोलतात ते प्रार्थनासभेतही बोलत नाहीत!

मुलांसाठी नाताळचा तारा. पाड्यावरचे बंधू बांबूच्या पट्ट्या काढून देणार आहेत, त्यांना त्याचे पैसे आपण देऊ. दोन-दोन फुटांच्या दहा पट्ट्या. पाच पट्ट्या एकमेकींवर टेकवून, टोके दोऱ्याने बांधून एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके घट्ट बांधा. आता आत जिथे पट्ट्या एकमेकींना ओलांडतात अशा पाच जागा मिळतील, तिथे दोन्ही चांदण्यांच्या मध्ये चार-चार बोटांच्या काड्या उभ्या अडकवा. तारा फुगून उभा राहतो, आणि ते पाहून मुले ओरडतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ. एका बाजूला छोटे दार ठेवा. दिवा एलईडीचाच लावा, तापणारा नको.

येत्या रविवारी उपासनेनंतर मागच्या सभागृहात बसू. साड्या धुऊन आणा, फॉल आणि टिकल्या घरीच उसवून या. सुया माझ्याकडे आहेत, पण कात्री प्रत्येकीने आपली आणा. गेल्या खेपेला नेलेल्या तीन कात्र्या अजून परत आलेल्या नाहीत.