जोतिबाच्या डोंगरावरील नवे यजमान

कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळ्यापासून कृष्णेच्या काठाकडे उतरत गेलेल्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 3000 फूट उंचीवर वसलेले वाडी रत्नागिरी हे गाव महाराष्ट्राला जोतिबा या दैवताच्या नावानेच अधिक परिचित आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे हे कुलदैवत असून, आज दिसणारे काळ्या दगडातील मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी 1730 मध्ये, तर शेजारचे केदारेश्वराचे मंदिर दौलतराव शिंदे यांनी 1808 मध्ये बांधविले. देवाच्या दर्शनाला येणाऱ्या माणसाने रात्री कोठे राहावे हा प्रश्न या गावाला नवा नाही, कारण गावोगावच्या भाविकांनी आपल्या ठरलेल्या पुजाऱ्याच्या घरी उतरावे, तेथेच पुरणपोळीचा नैवेद्य सिद्ध व्हावा आणि घरातल्याच जागेत अंथरूण पडावे, ही रीत येथे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. या व्यवस्थेत जागेचे वर्णन करण्याची गरजच कोणाला पडली नाही; पाहुण्याच्या आजोबांनी ते घर पाहिलेले असे आणि यजमानाच्या आजोबांनी पाहुण्याचे गाव.

गेल्या काही वर्षांत मात्र डोंगराच्या उतारावर, पायथ्याच्या गावांच्या शिवारात आणि पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने लाकडी कॉटेज, शेतघरे आणि दोन-तीन खोल्यांचे होमस्टे उभे राहू लागले असून, त्यांत उतरणारा पाहुणा केवळ भाविक राहिलेला नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यात पन्हाळा असल्यामुळे या टापूकडे वळणाऱ्या पर्यटकांची दृष्टीही बदलत आहे. हा पाहुणा मोबाइलवर जागा शोधतो, आणि त्याची व यजमानाची पहिली भेट होते ती ‘लिस्टिंग’वर. लिस्टिंग म्हणजे एअरबीएनबी किंवा तत्सम बुकिंग संकेतस्थळावर यजमानाने आपल्या जागेसाठी तयार केलेले पान, ज्यात शीर्षक, छायाचित्रे, वर्णन, सोयींची यादी, नियम, दर आणि आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय एकत्र दिसतात. जागा उत्तम असूनही ती रिकामी राहते अशी नव्या यजमानांची तक्रार असते, तेव्हा दोष बहुधा जागेत नसून या पानात असतो.

या दोषाचे मूळ समजून घेण्यासाठी अर्थशास्त्रातील एक कल्पना उपयोगी पडते. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात पण घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो, अशा बाजारात घेणारा प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहतो आणि चांगल्या वस्तूलाही रास्त भाव मिळत नाही. या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात, आणि तिच्या अभ्यासासाठी अॅकरलॉफ यांना 2001 मध्ये नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. एकही अभिप्राय नसलेली नवी लिस्टिंग नेमकी याच स्थितीत असते. अशा वेळी ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘स्वर्गीय अनुभव’ यांसारखी विशेषणे वाढविणे हा नव्या यजमानाचा पहिला उपाय असतो आणि तो जवळजवळ नेहमीच व्यर्थ ठरतो, कारण ही विशेषणे वाईट जागेचा मालकही तितक्याच सहजतेने लिहू शकतो. विश्वास वाढतो तो तपासता येण्याजोग्या माहितीने. गादी किती रुंद आहे, गरम पाणी सौर यंत्रावर मिळते की गिझरवर, वीज गेल्यास इन्व्हर्टर किती तास चालतो, मोटार दारापर्यंत येते की शेवटचा टप्पा पायी चढावा लागतो, या गोष्टी लिहिणारा यजमान आपण पकडले जाऊ शकू असे विधान करतो, आणि म्हणूनच त्याचे म्हणणे खरे वाटते.

स्थान सांगताना या डोंगरावर एक खास अडचण येते. गावाचे अधिकृत नाव वाडी रत्नागिरी असल्याने, परप्रांतातून येणाऱ्या पाहुण्याला ते कोकणातील रत्नागिरी शहराचा एखादा भाग वाटण्याचा संभव असतो, आणि दोहोंमध्ये तर सह्याद्रीचा घाट आहे. त्यामुळे शीर्षकात जोतिबा, कोल्हापूर आणि जागा पन्हाळ्याच्या बाजूस असल्यास पन्हाळा ही नावे असणे, आणि नकाशावरील खूण गावाच्या मध्यावर न टाकता प्रत्यक्ष फाटकावर टाकणे आवश्यक ठरते. अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यापेक्षा वेळेत सांगितलेले बरे, कारण केर्लीपासून वर चढणाऱ्या वळणांच्या रस्त्याचा एक किलोमीटर आणि सपाटीवरील एक किलोमीटर यांची बरोबरी होत नाही. ‘मंदिराजवळ’ हा शब्दप्रयोगही असाच निसरडा आहे. पायथ्याच्या दाणेवाडी किंवा कुशिरे परिसरातील जागेने तो वापरला, तर मंदिर खिडकीतून दिसेल अशा समजुतीने आलेला वृद्ध भाविक पहिल्याच तासात नाराज होतो. त्याऐवजी पोहाळ्याची लेणी, गिरोलीकडचा रस्ता, पन्हाळ्याकडील मसाई पठार यांपैकी जे खरोखर जवळ असेल त्याचे नाव घ्यावे. लेणी पाहायला येणारा माणूस संख्येने थोडा असला तरी तो नेमकी तीच जागा शोधत असतो.

छायाचित्रांविषयी बरेच सांगितले जाते, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीला न्यूयॉर्कमध्ये 2009 साली फारशी बुकिंग मिळत नव्हती, तेव्हा यजमानांनी मोबाइलवर काढलेली अंधुक छायाचित्रे हे त्याचे कारण असावे असे संस्थापकांच्या लक्षात आले. त्यांनी स्वतः घरोघर जाऊन चांगल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली, आणि त्यानंतर कंपनीचे आठवड्याचे उत्पन्न दुप्पट झाल्याचे त्यांनीच पुढे सांगितले. या कथेतून येथील यजमान एक चुकीचा निष्कर्ष काढतात, तो म्हणजे ड्रोनने काढलेले धुक्यातील डोंगराचे दृश्य पहिले असावे. डोंगर सर्वांचा आहे. पाहुण्याला खोली पाहायची असते. सकाळच्या उजेडात, पडदे उघडून, आडव्या चौकटीत घेतलेले पलंगासह खोलीचे छायाचित्र पहिले, मग व्हरांड्यातून दिसणारे दृश्य, आणि त्यानंतर न्हाणीघर, स्वयंपाकाची जागा, गाडी लावण्याची जागा व मुख्य रस्त्यावरून आत वळण्याचा फाटा, असा क्रम ठेवल्यास पाहुण्याच्या मनात जागेचा नकाशा तयार होतो. न्हाणीघराचे छायाचित्र वगळणारा यजमान कितीही सज्जन असला, तरी वाचणारा त्याचा एकच अर्थ काढतो.

परंतु या डोंगरावरील लिस्टिंगचा खरा कस लागतो तो गैरसोयी लिहिण्यात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या, म्हणजे रंगीत वस्त्रांनी व निशाणांनी सजविलेले उंच बांबू, खांद्यावर नाचवीत गावोगावचे मानकरी येतात. सातारा जिल्ह्यातील पाडळीची सासनकाठी मानाची पहिली असते, आणि गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत मंदिरापासून यमाईच्या मंदिरापर्यंत पालखी निघते. या दिवसांत डोंगराचे रस्ते एकेरी होतात, वाहने दूर लावावी लागतात, आणि गुलाल कपड्यांवरून चादरींवर, चादरींवरून भिंतींवर जातो. शांततेच्या शोधात पुण्या-मुंबईहून आलेल्या जोडप्याला हे आधी सांगितले नसेल, तर त्यांचा अभिप्राय काय असेल हे सांगायला नको. उलट, ‘यात्रेच्या दिवशी पहाटेपासून वाद्ये व जयघोष ऐकू येतील, गुलाल धुण्यासाठी बाहेर नळ आणि अंगणात वेगळे टॉवेल आहेत’ असे लिहिणारी लिस्टिंग ज्यांना यात्रा हवी आहे अशांना बरोबर खेचून आणते. रविवार हा देवाचा वार असल्याने दर आठवड्याच्या शेवटी गर्दी असते, आणि माघ महिन्याच्या सुमारास रविवारचे खेटे, म्हणजे कोल्हापूरहून अनवाणी चालत येऊन घेतलेले दर्शन, सुरू झाले की पहाटेचा रस्ता माणसांनी भरून जातो. शनिवार-रविवार निवांतपणाचे म्हणून जाहिरात करणाऱ्या यजमानाने हे वास्तव विसरू नये. येथील निवांत दिवस मंगळवार ते गुरुवार आहेत आणि ते तसेच सांगावेत.

पावसाळ्याचे वर्णनही असेच प्रामाणिक हवे. जुलै-ऑगस्टमध्ये धुके दिवसभर हटत नाही, दहा फुटांपलीकडचे झाड दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि कधी रस्ताच दगा देतो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पन्हाळगडावर जाणारा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती. ज्या लिस्टिंगच्या सर्व छायाचित्रांत निळे आकाश आणि खोल दरी दिसते, तिच्यावर जुलैत आलेला पाहुणा फसविला गेल्याची भावना घेऊन परततो, जरी यजमानाने एक शब्दही खोटा लिहिलेला नसला तरी. म्हणून धुक्यातील एक-दोन छायाचित्रे आणि पावसात रद्द करण्याचे स्पष्ट नियम द्यावेत. आहाराविषयी तर मोघमपणा मुळीच चालत नाही: देवदर्शनाला आलेल्या कुटुंबाला शेजारच्या कॉटेजमधून येणारा मटणाचा वास खटकतो, आणि कोल्हापुरी तांबडा-पांढरा रस्सा खाण्याच्या हेतूने आलेल्या मित्रमंडळींना शाकाहारी ताट खटकते. दोघांनाही खूश ठेवण्याचा प्रयत्न करणारा यजमान दोघांनाही गमावतो. मांसाहार व मद्य यांविषयीचा नियम वर्णनाच्या पहिल्या काही ओळींत यावा.

या काटेकोरपणाची किंमत अंकांतही मांडता येते. एअरबीएनबीवर ‘सुपरहोस्ट’, म्हणजे विशेष विश्वासाचा यजमान, ठरण्यासाठी पाचपैकी किमान 4.8 सरासरी लागते. नव्या यजमानाला एका पाहुण्याने तीन तारे दिले, तर ही सरासरी गाठण्यासाठी पूर्ण पाच तारे देणारे नऊ पाहुणे यावे लागतात, आणि दोन खोल्यांच्या होमस्टेला ते नऊ पाहुणे मिळण्यात हंगाम निघून जाऊ शकतो. आपल्याकडे पाचात चार म्हणजे उत्तम गुण समजले जातात, त्यामुळे समाधानी पाहुणाही सद्भावनेने चारच देऊन जातो हा आणखी एक घोळ. यावर उपाय म्हणून सुरुवातीच्या काही बुकिंगसाठी दर थोडा कमी ठेवून ओळखीच्या नसलेल्या, पण जागेचे स्वरूप पूर्ण समजून आलेल्या पाहुण्यांना प्राधान्य देणे शहाणपणाचे आहे. नातेवाइकांकडून अभिप्राय लिहवून घेण्याची युक्ती मात्र वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येते. कायद्याच्या बाजूचा उल्लेखही येथे आवश्यक आहे: राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आणि 2020 चे कृषी पर्यटन धोरण यांखाली नोंदणी करता येते, आणि परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. नोंदणी झाली असल्यास तिचा उल्लेख लिस्टिंगमध्ये करावा, कारण तोही तपासता येण्याजोगा पुरावाच आहे.

राहिला प्रश्न दरांच्या कॅलेंडरचा. बुकिंग संकेतस्थळे मागणी पाहून आपोआप दर सुचवितात, पण जोतिबाच्या डोंगरावरील मागणी तिथीवर चालते, आणि तिथी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. चैत्र यात्रेचा मुख्य दिवस 2024 मध्ये 23 एप्रिलला आला होता, तर 2025 मध्ये 12 एप्रिलला. मागील वर्षाच्या तारखेवर वाढीव दर ठेवणाऱ्या यजमानाची खोली त्या दिवशी रिकामी राहते आणि खऱ्या यात्रेच्या रात्री ती नेहमीच्या दरात निघून जाते; आणि चुकीच्या दिवशी मोठ्या दराने पैसे भरून कोणी पाहुणा आलाच, तर तो ‘यात्रा कोठे आहे’ असे विचारीत येतो. तेव्हा दिवाळीच्या सुमारास नव्या वर्षाचे पंचांग घरात आले की चैत्र पौर्णिमा, श्रावण षष्ठी, नवरात्र आणि खेट्यांचे रविवार या तारखा यजमानांनी त्याच दिवशी आपल्या लिस्टिंगच्या कॅलेंडरवर भरून घ्याव्यात, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी डोंगरावर काय असते हे पाहुण्याला कळेल अशी एक ओळ लिहून ठेवावी.