चोराच्या पावलांचा माग

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांतला शर्विलक हा मोठा शास्त्रज्ञ चोर आहे. चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतांना भगदाड कोणत्या आकाराचें असावें याचा तो शास्त्रोक्त विचार करतो, आणि मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यांतलें यज्ञोपवीतच भिंतीला लावतो. प्रेक्षकांना हंसूं येतें. परंतु चोरीच्या धंद्याचें एक मर्म या प्रसंगांत आहे. एवढा विद्वान झाला तरी शर्विलकाला रात्र जागवावी लागते, स्वतःच्या पायांनीं चारुदत्ताच्या घरापर्यंत यावें लागतें, आणि कोणी जागें होईल काय ही धास्ती बाळगावी लागते. चोरी करावयाची तर चोरानें जागेवर आलें पाहिजे, हा नियम हजारों वर्षें टिकला. श्रोतेहो, तो नियम आतां मोडला आहे. इंटरनेटमुळें गुन्हा करणें सोपें झालें असें आपण म्हणतों, त्याचा खरा अर्थ हाच, असें मला वाटतें.

आपली जुनी राखण याच नियमावर उभी होती. पेशवाईचा शेवट झाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं अहवाल लिहिला. त्यांत गांवच्या रखवालदाराच्या कामाचें वर्णन आहे. गांवांतल्या प्रत्येक माणसाची वागणूक त्याला ठाऊक असे. चोरी झाली कीं तो पावलांचा माग काढीत निघे. माग शेजारच्या शिवेंत शिरला हें तेथल्या रखवालदाराला पटवून दिलें, म्हणजे याची जबाबदारी संपून त्याची सुरू होई. माग आपल्याच शिवेंत हरवला, तर भरपाईचा भार त्याच्यावर व गांवावर येई. या पद्धतींत दोष पुष्कळ होते, आणि तिच्या जांचांत निरपराधी माणसेंहि सांपडत. तथापि तिच्या मुळाशीं एक भरंवसा होता: जो आला, त्याचीं पावलें मातींत उमटणारच.

आतां आजची स्थिति पाहा. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत, पैठण तालुक्यांत, धुळें–सोलापूर महामार्गावर पाचोड नांवाचें गांव आहे. मोसंबीच्या बागांमुळें हा भाग ओळखला जातो. माल विकून रोकड कमरेला बांधून घरीं परतणाऱ्या बागाइतदाराला पूर्वी वाटेची भीति असे. पण ती भीति मोजकी होती, कारण एका रात्रीं एका वाटेवर एकच टोळी दबा धरून बसूं शकते. आज त्याच मालाचे पैसे मोबाइलवरून क्षणांत खात्यांत जमा होतात. वाटेची भीति गेली, ही लहान सोय नव्हे. परंतु ज्या साधनानें पैसा घरीं आला, त्याच साधनानें परमुलखांतला भामटाहि बागाइतदाराच्या कानाशीं येऊन बसला. त्याला प्रवासाचा खर्च नाहीं, रात्रीची वाट पाहावयास नको, आणि एकाच घरावर थांबण्याचें कारण नाहीं. एके दिवशीं तो हजार दारें ठोठावतो. नऊशें नव्याण्णव बंद राहिलीं तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. एक उघडलें तरी त्याचें काम झालें. पूर्वीच्या चोराला अपयश महाग पडे, कारण त्यांत तुरुंग होता. याला अपयश जवळजवळ फुकट पडतें. गुन्हा सोपा होण्याचें सर्वांत मोठें कारण हें आहे.

याचें ठळक उदाहरण पुण्यांत घडलें. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशीं दरोडा पडला. आपण पैसे काढण्याच्या यंत्रांत कार्ड घालतों, तेव्हां तें यंत्र बँकेला विचारतें, “या खात्यांतून एवढी रक्कम देऊं काय?” गुन्हेगारांनीं बँकेच्या संगणकांत शिरकाव करून या प्रश्नाचें उत्तर देणारा तोतयाच मध्यें बसविला. खऱ्या बँकेपर्यंत प्रश्न पोंचेना, आणि तोतया दर वेळीं होकार देई. बनावट कार्डें घेतलेल्या हस्तकांनीं २८ देशांतून सुमारें १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये, आणि भारतांतून २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी रुपये काढले. १३ तारखेस आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यांत पाठविण्यांत आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख झाली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें २०१९ सालीं या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. पुण्यांतल्या कचेरीचें एकहि कुलूप तुटलें नव्हतें.

मग माग अगदींच नाहीसा झाला काय? तसें नाहीं. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणांत ११ जणांना शिक्षा सांगितली. ही मंडळी कारस्थानाचीं डोकीं नव्हेत. बनावट कार्डांनीं पैसे काढण्याच्या कामांत गुंतलेले हे हातपाय होते. नोटा हातांत घ्यावयाच्या तर कोणाला तरी यंत्रापाशीं चालत जावें लागलें, आणि तेथें पावलें उमटलीं. हाच अनुभव पुण्यानें २००५ सालींहि घेतला होता. तेथील एका दूरध्वनि-सेवाकेंद्रांतल्या कांहीं नोकरांनीं अमेरिकेंतील सिटी बँकेच्या खातेदारांकडून गुप्त क्रमांक मिळविले, आणि सुमारें साडेतीन लाख डॉलर पुण्यांतल्या खात्यांत वळविले. समुद्रापलीकडच्या तिजोरींत हात घालणें त्यांना सहज जमलें; पण तो पैसा पदरांत पाडण्यासाठीं पुण्यांतल्या बँकेंत खातीं लागलींच, आणि तेथेंच तपासाला वाट सांपडली. पैशाला कोठेंतरी जमिनीवर उतरावें लागतें. म्हणूनच आजच्या भामट्याला सर्वांत अधिक गरज असते ती दुसऱ्याच्या नांवावरच्या खात्याची. थोडक्या रुपयांच्या आमिषानें आपलें खातें वापरावयास देणारा विद्यार्थी किंवा बेकार तरुण आपण कांहीं फारसें केलें नाहीं असें समजतो. प्रत्यक्षांत चोरीचा माग त्याच्या शिवेंत शिरतो आणि पोलीस प्रथम त्याच्याच दाराशीं येतात. आपल्या घरांतल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगणें अगत्याचें आहे.

बँकेची भिंत फोडण्यास निदान विद्या लागते. घर लुटण्यास तीहि लागत नाहीं. घरांतल्या माणसानेंच आंतून कडी काढली म्हणजे झालें. अलीकडे ‘डिजिटल अटक’ या नांवाची जी फसवणूक चालते, तिचें सारें तंत्र यांतच आहे. फोन येतो: तुमच्या नांवाच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले आहेत. मग चित्रफोनवर गणवेशांतला अधिकारी दिसतो, त्याच्यामागें कचेरी दिसते, कधीं न्यायाधीशहि दिसतो. फोन बंद करूं नका, कोणाशीं बोलूं नका, चौकशी पुरी होईपर्यंत रक्कम अमुक खात्यांत ठेवा, असें फर्मान सुटतें. यांत फसणारीं माणसें अडाणी असतात हा समज सोडून द्यावा. जन्मभर कायदा पाळून वागलेला सेवानिवृत्त गृहस्थ कायद्याच्या नांवालाच अधिक भितो. पंतप्रधानांनीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं रेडिओवरील ‘मन की बात’मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, असली अटक कायद्यांत नाहींच. त्या फर्मानांतलें ‘कोणाशीं बोलूं नका’ हें वाक्य मात्र लक्षांत ठेवावें. चोराला कशाची भीति वाटते तें त्यानें तेथें स्वतःच सांगून टाकलेलें असतें. शेजारच्या खोलींत जाऊन मुलाला किंवा सुनेला दोन शब्द विचारले, तर हें नाटक तेथेंच संपतें.

पैसा गेला तर कदाचित् पुन्हां मिळेल. जीव परत येत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना मुलें पळविणारी टोळी समजून जमावानें मारून टाकिलें. त्याच्या आदल्या महिन्यांत वैजापूर तालुक्यांतील चांडगांव येथें दोघांचा असाच बळी गेला होता. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनीं तेव्हां गांवोगांवचीं मनें पेटलेलीं होतीं. ज्यानें पहिला संदेश लिहिला, त्याला काठी उचलावी लागली नाहीं, किंबहुना त्या गांवीं जावेंहि लागलें नाहीं. गांवांत नवखा आला तर त्याची विचारपूस करणें ही रखवालदाराची रीत होती. येथें विचारपूस न होतांच शिक्षा झाली. ज्या हातांनीं पुढें लोटलेल्या संदेशाची खातरजमा केली नाहीं, त्या हातांनींहि या पापांत थोडा भार उचलला.

तेव्हां करावयाचें काय? फोन टाकून देऊन परत कमरेला रोकड बांधणें हा उपाय नव्हे. माग काढण्याची जुनी विद्या नव्या मातीवर चालवावी लागेल, आणि माग ताजा असेपर्यंतच चालतो. फसवणूक झाल्याचें कळतांच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. तक्रार लवकर पोंचली, तर पैसा ज्या खात्यांत असेल तेथेंच तो गोठवितां येतो. रात्र मध्यें गेली कीं तो अनेक खात्यांतून पांगतो. ही रात्र बहुतेक घरीं लाजेपायीं दवडली जाते. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, शेजारीं हंसें होईल, या विचारांत मोलाचे तास निघून जातात. पूर्वी घर फुटलें तर माणूस ओरडून आळी जागी करी, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नसे. आज आपण फसल्याची बोंब मारीत नाहीं, आणि भामट्याचा निम्मा धंदा आपल्या या मौनावर चालतो. म्हणून घरांतल्या वडील माणसांना आजच एवढें सांगून ठेवावें: असा फोन आला तर प्रथम आम्हांला हांक मारा; आणि पैसे गेलेच, तर आम्ही रागावणार नाहीं.