जवसाचें तेल : बाटलींतलें आणि घाणीवरचें

वर्धा जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत रब्बीच्या हंगामांत जवसाचीं निळीं फुलें हें एके काळीं नेहमींचें दृश्य होतें. आतां कपाशी, तूर आणि सोयाबीन यांनीं शिवार व्यापलें आहे. शेतांतून असा मागें सरलेला जवस औषधांच्या दुकानांत मात्र तेलाच्या बाटल्यांतून आणि जिलेटिनच्या गोळ्यांतून परत आला आहे. हृदय, सांधे, केस, कांति अशा सर्वांच्या कल्याणाचीं आश्वासनें त्याच्या नांवानें दिलीं जातात. आणि त्याच वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठीं नव्हे' असेंहि छापावें लागतें, कारण पूरक आहाराविषयींच्या कायद्याचा तसा दंडक आहे. पहिला मजकूर सर्वांच्या नजरेस पडतो, दुसरा वाचण्यास बहुधा चष्मा लागतो.

हें तेल ह्या भागास नवें नाहीं. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं त्यासाठीं दिलेल्या जागेस मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हें नांव मिळालें. तेथें झवेरभाई पटेल यांनीं बैलघाणीच्या सुधारणेचें काम हातीं घेतलें. गांवच्या तेल्यानें गांवचें बीं गाळावें आणि ताजें तेल गांवांतच खपावें, हा त्या खटाटोपाचा हेतु होता. जवसाच्या बाबतींत हा ताजेपणा म्हणजे केवळ चवीचा प्रश्न नव्हे.

जवसाच्या तेलाचा सुमारें निम्मा भाग आल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. ओमेगा-३ म्हणून ज्याची ख्याति आहे, त्याच कुळांतलें हें आम्ल शरीरास स्वतः तयार करतां येत नाहीं. तें अन्नांतूनच मिळावें लागतें. परंतु ह्या आम्लास प्राणवायूची ओढ फार. पातळ थरानें पसरलेलें जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट पापुद्रा धरतें. ह्या गुणामुळेंच तें रंगांत आणि रोगणांत गेलें, आणि १८६३ सालीं फ्रेडरिक वॉल्टन यानें लिनोलियमचें पेटंट घेतलें तेंहि ह्याच्याच जोरावर. जो स्वभाव रंगाऱ्यास उपकारक, तोच स्वयंपाकघरांत घातक ठरतो. ऊन, उजेड आणि हवा लागली कीं तें लवकर खवट होतें. म्हणून बाटली गडद रंगाची असावी, थंड जागीं ठेवावी आणि उघडल्यावर महिना-दीड महिन्यांत संपवावी. तळणास हें तेल योग्य नाहीं; थोड्याच तापांत तें धुरावतें. भाकरीवर किंवा चटणीवर कच्चेंच घ्यावें.

सर्वांत मोठा धोका मात्र नांवाच्या सारखेपणांत आहे. रंगाच्या दुकानांतहि जवसाचेंच तेल मिळतें. त्यांतील 'डबल बॉइल्ड' म्हणून विकलें जाणारें तेल लवकर वाळावें म्हणून त्यांत कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार मिसळतात. पूर्वीं शिसेंहि घालीत. स्वस्त पडतें म्हणून तें तोंडांत घालणें किंवा लेंकराच्या अंगास चोळणें म्हणजे विकत घेतलेलें दुखणें होय. खाण्याच्या सीलबंद तेलावर अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. तो पाहिल्यावांचून बाटली घरांत आणूं नये. ह्याच तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकल्यास तो आपोआप तापून पेट घेतो, हेंहि सुतार-रंगाऱ्यांच्या घरीं ठाऊक असलेलें बरें.

आतां प्रमाण. प्रौढ पुरुषास ह्या आम्लाचे दिवसास सुमारें १.६ ग्रॅम आणि स्त्रीस १.१ ग्रॅम पुरेसे, असें अमेरिकेंतील आहारशास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे. एका लहान चमचाभर तेलांत दोन ग्रॅमांहून अधिक असतें. एक ग्रॅम तेलाच्या गोळींत अर्ध्या ग्रॅमाच्या आसपासच भरतें. उलट सुमारें सात ग्रॅम जवसाच्या कुटांत दीड ग्रॅम सहज येतें, आणि शिवाय तेलांत नसणारा चोथाहि मिळतो. म्हणजे विदर्भांतली जवसाची चटणी ह्या हिशेबांत गोळीपुढें मुळींच हार जात नाहीं. माशांच्या तेलाची जागा मात्र जवस पूर्णपणें घेऊं शकत नाहीं. त्यांतील आम्लाचें शरीरांत होणारें रूपांतर अल्प असतें.

रक्त पातळ करणारीं औषधें चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर ह्या गोळ्या डॉक्टरांस विचारूनच घ्याव्यात. अति घेतल्यास पोट सुटतें. चुन्याची निवळी आणि जवसाचें तेल घोटून भाजल्यावर लावण्याचा उपाय पूर्वीं डॉक्टरहि सांगत; आतां तो सोडून द्यावा. भाजलेल्या जागीं वीस मिनिटें वाहतें गार पाणी सोडावें आणि दवाखाना गांठावा.

जवसाच्या कच्च्या बियांत सायनाइड सोडणारीं द्रव्यें थोडीं असतात. म्हणून बीं मूठमूठ कच्चें खाऊं नये. भाजल्यानें तीं कमी होतात. तेल गाळल्यावर हीं द्रव्यें जवळजवळ सर्व ढेपेंतच राहतात, तेलांत उतरत नाहींत. त्यामुळें माणसाची काळजी मिटली तरी गोठ्याची उरते. जवसाची ढेप कोमट पाण्यांत बराच वेळ भिजवून वासरांस पाजूं नये. थोड्या प्रमाणांत कोरडी घालावी, नाहीं तर आधीं चांगली उकळून मग द्यावी.