आमचा गट मिझोरामला निघालाय

कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, किंवा रेडिओ चुलीजवळ ठेवून भाकरी थापत असाल. ऐका, हात चालू ठेवा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. संक्रांत झाली आणि आमच्या गटाच्या सभेत सहलीचा विषय निघाला. दरवर्षीप्रमाणे नावं आली: तुळजापूर, पंढरपूर, शिर्डी. तेवढ्यात गटातल्या सर्वांत लहान सूनबाईने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. डोंगरातला रस्ता आणि कडेला बांबूची टपरी. टपरीत भाजी, फळं, आल्याच्या जुड्या मांडलेल्या, प्रत्येकीवर भाव लिहिलेला आणि शेजारी पैशाचा डबा. दुकानदार कुठेच नाही. येणारा माल घेतो, डब्यात पैसे टाकतो, सुट्टे हवे असतील तर त्यातूनच घेतो आणि जातो.

आम्ही हसलो. एक वहिनी म्हणाली, "आपल्याकडे डब्यासकट टपरी उचलून नेतील."

आमच्या गटात एक आक्का आहेत, साठी ओलांडलेल्या. तीस वर्षं आठवडे बाजारात भाजी विकली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे कुठं हाय?" सूनबाई म्हणाली, मिझोराम. आक्का म्हणाल्या, "मला ते दुकान बघायचंय."

तिथून आमची तयारी सुरू झाली. येत्या संक्रांतीनंतर आम्ही आठ जणी निघणार आहोत. ही तयारी कशी केली ते आज सांगते, म्हणजे तुमच्या गटाला कुठेही जायचं असेल तरी उपयोग होईल.

आधी आम्ही राज्याची माहिती काढली. मिझोराम आपल्या देशाच्या ईशान्य टोकाला आहे. त्याच्या एका बाजूला म्यानमार आणि दुसऱ्या बाजूला बांगलादेश. क्षेत्रफळ २१,०८१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दीडपटीच्या जवळपास. माणसं किती? २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ११ लाख. एका सोलापूर शहरातच तेव्हा साडेनऊ लाख लोक होते. आपल्या महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसं, तिथे ५२. बाकी सगळे डोंगर आणि जंगल. साक्षरता मात्र तेव्हाच ९१ टक्के होती. राजधानी आयझॉल डोंगराच्या कण्यावर वसलेली आहे.

मग पैशांचं बघितलं. पहिला नियम आम्ही ठरवला की गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही. सहलीची वही वेगळी, पेटी वेगळी. दर आठवड्याला १०० रुपये. वर्षाचे आठवडे ५२, दोन वर्षांत एकीचे १०,४०० रुपये. खर्चाचे पाच रकाने पाडले: तिकीट, राहणं, जेवण, तिथली गाडी आणि अडचण. अडचणीच्या रकान्यात प्रत्येकीचे २,००० रुपये आधीच बाजूला काढले. ते परत आणायचे, असं समजूनच जायचं. जी माघार घेईल तिचे सगळे पैसे परत मिळतील, हेही पहिल्याच सभेत लिहून घेतलं. त्याचा उपयोग झाला, ते पुढे सांगते.

आता वाट. आम्ही सुरुवात केली तेव्हा आयझॉलजवळ रेल्वे नव्हती. आसामपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातून जीपने किंवा विमानाने, असा हिशेब होता आणि तो जमत नव्हता. पण १३ सप्टेंबर २०२५ ला बैरबी ते सैरांग हा ५१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला. त्यात ४८ बोगदे आहेत. सैरांग आयझॉलपासून सुमारे २० किलोमीटरवर. आमची वाट अशी: गावाहून मुंबईपर्यंत एसटीने, महिलांना अर्ध्या तिकिटात. मुंबईहून गुवाहाटीपर्यंत रेल्वे, दोन दिवसांहून जास्त. गुवाहाटीत एक रात्र मुक्काम, कारण एवढ्या लांबची गाडी उशिरा पोचू शकते. पुढची गाडी चुकली तर आठही तिकिटं वाया जातील. दुसऱ्या दिवशी तिथून सैरांगची गाडी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ती तारीख आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, म्हणून आक्कांचंही पूर्ण तिकीट धरलंय.

वेळ जानेवारीची का? तिथे पावसाळा मोठा असतो, दरडी कोसळतात, रस्ते अडतात. ऑक्टोबर ते मार्च हवा चांगली. आपल्याकडे फेब्रुवारीत ज्वारीच्या काढणीची घाई, त्यात पोरांच्या बोर्डाच्या परीक्षा. म्हणून संक्रांत झाली की निघायचं. मिझोराम पूर्वेला असल्याने हिवाळ्यात तिथे पाच वाजताच्या सुमारास अंधार पडतो. दिवस लवकर सुरू करायचा आणि प्रवास दुपारपर्यंत उरकायचा. रविवारी बाजार, दुकानं, गाड्या जवळजवळ बंद असतात, लोक चर्चला जातात. बहुतेक मिझो ख्रिस्ती आहेत. म्हणून रविवार आम्ही आयझॉलमध्ये विश्रांतीचा ठेवलाय आणि त्या दिवसाचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवायचं.

आणखी एक कागद लागतो. मिझोराममध्ये जायला बाहेरच्या भारतीयांना परवाना लागतो, त्याला इनर लाइन परमिट म्हणतात. याचा मूळ कायदा इंग्रजांनी १८७३ मध्ये केला. आज त्याचा उपयोग तिथल्या थोड्या लोकवस्तीची जमीन आणि समाज जपण्यासाठी होतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, गुवाहाटी, कोलकाता, दिल्ली इथल्या मिझोराम सरकारच्या कार्यालयातूनही परवाना मिळतो. ओळखपत्र आणि फोटो लागतात. आमच्या आठपैकी तिघींच्या आधार कार्डावर नाव एक आणि मतदान कार्डावर दुसरं होतं. ते दुरुस्त करायला दोन महिने गेले. तुम्ही कुठेही जात नसलात तरी हे काम आजच करून घ्या.

मैत्रिणींनो, परवान्याचा अर्ज सोपा होता. अवघड होतं उंबरठा ओलांडणं.

देवाला जाते म्हटलं की घरातून नाही म्हणत नाहीत. पण नुसतं बघायला जाते, शिकायला जाते म्हटलं की प्रश्न सुरू होतात. तिथं काय आहे? कोण ओळखीचं आहे? पैसा जास्त झाला का? एका वहिनीने युक्ती काढली. गुवाहाटीत कामाख्या देवीचं मंदिर आहेच, घरी सांगू की आम्ही देवीला चाललोय. मिझोरामचं नावच काढायचं नाही. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. समन्वयक म्हणून मला माणसं जमवायची होती.

आक्कांच्या मुलाने आधीच सांगितलं होतं, "या वयात कशाला? काशीला नेतो पाहिजे तर." तरीही आक्का सभेत म्हणाल्या, "देवीला जाणार तर जाणारच. पण तिच्या पदराआड लपून नाय जायचं. बिनमालकाचं दुकान बघाया निघालो आणि घरात खोटं बोलायचं, हे कसं जमंल?"

सभेत कोणी बोललं नाही. मग ठरलं की प्रत्येकीने घरी खरं सांगायचं. मी स्वतः पाच घरी गेले. वाट, तारखा, खर्चाची वही, मुक्कामाचं ठिकाण, सगळं कागदावर लिहून नेलं. रेल्वेचा १३९ आणि आणीबाणीचा ११२ हे नंबर त्यावर लिहिले. कागद पाहून तीन घरं लगेच राजी झाली. एका घरी सासूबाईंनीच सुनेची बाजू घेतली.

पण एक वहिनी गळाल्या. चौदा महिने पैसे भरले होते, सहलीची वही त्याच लिहायच्या. नवरा नाही म्हणाला तो नाहीच म्हणाला. खोटं सांगितलं असतं तर कदाचित त्या आल्या असत्या. नियमाप्रमाणे आम्ही त्यांचे सगळे पैसे मोजून परत दिले. त्या दिवशी सभेत चहा तसाच गार झाला. दुसऱ्या आठवड्यात त्या आल्या आणि म्हणाल्या, "वही मीच लिहिणार." आजही त्याच लिहितात. खरं बोलल्याने सगळं सुरळीत होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. आक्कांचा मुलगाही अजून हो म्हणालेला नाही, पण आता अडवतही नाही. मागच्या महिन्यात त्याने आईला गरम मोजे आणून दिले.

आता तिथे काय बघणार आहोत ते ऐका. आयझॉलचा बडा बाजार बघणार, तिथे विकणाऱ्या बहुतेक बायका आहेत. थेनझॉल गावी जाणार, ते विणकरांचं गाव. मिझो बायका कमरेला जे वस्त्र गुंडाळतात त्याला पुआन म्हणतात. त्यातल्या पुआनचेइ या प्रकाराला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बायका माल कसा विकतात, भाव कसा ठरवतात, हे आम्हाला विचारायचंय. आणि सेलिंगच्या बाजूच्या रस्त्यावर बिनमालकाची दुकानं. ती का आहेत, हेही आम्ही समजून घेतलं. डोंगरउतारावरची शेती, घरात माणसं थोडी, सगळी शेतात. दुकानात बसायला माणूस परवडत नाही, म्हणून विश्वासावर दुकान सोडून जातात. मिझो भाषेत एक शब्द आहे, त्लॉमङाइहना. दुसऱ्याच्या गरजेला न सांगता धावून जाणं, स्वतःचं मागे ठेवणं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडची सावड आठवा. आम्ही बारा दिवस नसू तेव्हा आमच्या म्हशींची धार आणि शेळ्या मागे राहिलेल्या चौघीच बघणार आहेत.

तिथे सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. १९५९ मध्ये तिथे बांबूला फुलोरा आला. साधारण ४८ वर्षांनी तो येतो. ते बी खाऊन उंदीर वाढले, उंदरांनी पिकं फस्त केली आणि दुष्काळ पडला. मदत पुरेशी पोचली नाही, त्यातून बंड झालं. मार्च १९६६ मध्ये आपल्याच देशाच्या विमानांनी आयझॉलवर बॉम्ब टाकले. शांतता करार व्हायला १९८६ उजाडलं आणि २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झालं. आपल्या आयांनी ७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांच्या आयांनी हे पाहिलं. म्हणून तिथे कुणी आपल्याकडे जरा परकेपणाने पाहिलं तर राग मानायचा नाही. बायकांचे प्रश्नही तिथे आहेत. मिझो महिलांची मोठी संघटना १९७४ पासून काम करते. लग्न, घटस्फोट आणि वारसाहक्काचा नवा कायदा २०१४ मध्ये आला, त्यासाठी त्या बायका वर्षानुवर्षं झगडल्या.

आणि आपलं त्यांचं नातं अगदीच नाही असंही नाही. नवी मुंबईत वाशीला मिझोराम भवन आहे. कर्करोगाच्या उपचाराला मुंबईत येणारे मिझो रुग्ण तिथे उतरतात. म्हणजे त्यांच्याकडच्या आयाबहिणी आजारपणात आपल्या राज्यात येतात आणि आपल्याला त्यांच्या राज्याचं नावही नीट माहीत नसतं. हे मला फार लागलं.

आमचे नियमही ऐकून ठेवा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. जेवणाला नाक मुरडायचं नाही. तिथे भात, उकडलेल्या भाज्या आणि डुकराचं मांस नेहमीचं आहे. ज्या माळकरी आहेत त्यांनी आधी विचारायचं आणि बरोबर चटणी, मेतकूट, दशम्या ठेवायच्या. आयझॉलमध्ये लोक हॉर्न वाजवत नाहीत, तेव्हा आपणही जरा हळू बोलायचं. नमस्काराला 'चिबाई' म्हणायचं. आक्का रोज म्हशीला चिबाई म्हणतात, सराव म्हणून.

संक्रांतीचा तिळगूळ आम्ही जास्त करणार आहोत. बडा बाजारातल्या भाजीवालीला द्यायचा. आणि बिनमालकाच्या दुकानाचं आक्कांनी ठरवलंय. आल्याची एक जुडी घ्यायची, डब्यात पैसे टाकायचे आणि डब्याशेजारी दोन लाडू ठेवायचे. शेतातून संध्याकाळी जी बाई येईल ती बघेल.

परत आल्यावर हिशेबाच्या वहीसकट पुन्हा बोलायला येईन. तोवर तुमच्या सभेत एकदा विचारा, आपल्याला कुठे जायचंय? आणि घरी खरं सांगा. नमस्कार.