हसवण्याची जबाबदारी : अर्कादी राइकिन



सोव्हिएत राजवटीत वर्तमानपत्रं सरकारची होती, छापखाने सरकारचे होते आणि नाट्यगृहंही सरकारचीच होती. मनातलं बोलायचं तर घरच्या स्वयंपाकघरात, दार लावून, खालच्या आवाजात. अशा देशात एक नट जवळजवळ पन्नास वर्षं भरल्या नाट्यगृहात उभा राहिला. कचेरीतला आडमुठा साहेब, दुकानाच्या मागच्या दाराने चालणारा व्यवहार, कामचुकार कारागीर, तोंडपुजे हाताखालचे, हे सगळं तो लोकांपुढे मांडत राहिला आणि लोक पोट धरून हसत राहिले. त्या नटाचं नाव अर्कादी इसाकोविच राइकिन. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

राइकिन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९११ रोजी रीगा इथे झाला. आज लॅटव्हियाची राजधानी असलेलं हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. कुटुंब ज्यू. वडील बंदरावर इमारती लाकडाची पारख करायचे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत या कुटुंबाला रीगा सोडावं लागलं. काही काळ व्होल्गाकाठच्या रीबिन्स्कमध्ये काढून १९२२ साली ती मंडळी पेट्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, येऊन स्थायिक झाली. तिथे या मुलाला नाटकाचं वेड लागलं. पण तेराव्या वर्षाच्या सुमाराला थंडी बाधली, संधिवाताचा ताप आला आणि त्याने हृदय पोखरलं. मूल वाचेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. कितीतरी महिने अंथरुणात गेले आणि त्यानंतर पुन्हा नव्याने चालायला शिकावं लागलं. हे दुखणं जन्मभर सोबतीला राहिलं. रंगमंचावर वाऱ्यासारखा फिरणारा हा माणूस अधू हृदय घेऊन फिरत होता, हे ध्यानात ठेवलं म्हणजे त्यांच्या कष्टांची खरी कल्पना येते.

मुलाने नट व्हावं हे वडिलांना मंजूर नव्हतं. शाळा संपल्यावर अर्कादी एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, पण मन रमेना. १९३० साली त्यांनी लेनिनग्राडच्या नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. तिथे त्यांना व्लादिमीर सोलोव्योव हे गुरू लाभले. थोर दिग्दर्शक मेयरहोल्ड यांच्याबरोबर काम केलेले सोलोव्योव इटलीतल्या जुन्या मुखवटानाट्याचे आणि मोलिएरच्या विनोदाचे जाणकार होते. मुखवटा चेहरा झाकतो, पण त्याच वेळी एखादा स्वभाव उघडा करतो, ही समज राइकिन यांना इथे मिळाली असं मला वाटतं. १९३५ साली शिक्षण संपलं. त्याच वर्षी रूथ योफ्फे यांच्याशी लग्न झालं. पती त्यांना रोमा म्हणत. पुढे त्या राइकिन यांच्याच नाट्यसंस्थेत अभिनेत्री म्हणून उभ्या राहिल्या.

दोनेक नाट्यसंस्थांतून आणि चित्रपटांतून लहानमोठ्या भूमिका झाल्या. खरी वाट सापडली ती १९३९ मध्ये. त्या वर्षी मॉस्कोत रंगमंचीय मनोरंजनाच्या कलावंतांची पहिली अखिल सोव्हिएत स्पर्धा झाली. गाणी, नाच, नकला, जादूचे खेळ अशा प्रकारांना रशियन लोक एकत्रितपणे ‘एस्त्राद’ म्हणतात. या स्पर्धेत चॅप्लिनची हुबेहूब छबी उभी करणारा अठ्ठावीस वर्षांचा राइकिन पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि देशाला त्याचं नाव कळलं. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये लघुनाट्यांची नवी संस्था निघाली. राइकिन तिथे कार्यक्रमाचे निवेदक म्हणून उभे राहू लागले आणि १९४२ साली संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. तो महायुद्धाचा काळ होता. ही मंडळी आघाडीवरच्या सैनिकांपुढे, जखमींच्या इस्पितळांत आणि नौदलाच्या तळांवर प्रयोग करत फिरत होती.

या संस्थेचं काम कसं चालायचं ते थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे दिवाकरांच्या नाट्यछटा आपण वाचलेल्या आहेत. एकच पात्र बोलतं आणि त्याच्या बोलण्यातून सगळा संसार डोळ्यांपुढे येतो. राइकिन यांच्या कार्यक्रमात अशी स्वगतं असत, दोन-तीन पात्रांचे छोटे प्रवेश असत, मूकाभिनय असे आणि सगळ्यांत नवलाचं म्हणजे वेषांतर असे. ते एका बाजूने विंगेत जात आणि काही सेकंदांत दुसऱ्या बाजूने वेगळाच माणूस होऊन बाहेर येत. रबरी नाक, टोप, मिशा, चष्मा, कोट यांची मांडणी आत अगदी हिशेबाने केलेली असे आणि मदतनिसांच्या हालचालीही ठरलेल्या असत. ‘म्हेत’ नावाच्या त्यांच्या प्रवेशात एकाच छोट्या नाटकातली सगळी पात्रं ते असे पळापळीने बदलत एकट्याने करत. पण नुसती चपळाई असती तर लोकांनी एकदा टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी गेले असते. नाक बदललं की त्यांची मान, खांदे, श्वास, पाऊल टाकण्याची रीत, सगळंच बदलायचं. आलेला माणूस आपल्या कचेरीतला, आपल्या जिन्यावरचा आहे हे प्रेक्षकाला लगेच ओळखू यायचं.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला मात्र राइकिन बिनमुखवट्याचे येत. नीटनेटका सूट, लवकर पिकू लागलेले केस, थोडासा दमल्यासारखा वाटणारा मऊ आवाज. आधी स्वतःच्या चेहऱ्याने बोलायचं आणि मग इतरांचे चेहरे दाखवायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. प्रेक्षकांशी असलेलं नातं आधी स्पष्ट करणारा हा शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो.

त्यांना लेखकही तोलाचे मिळाले. सुरुवातीच्या काळात व्लादिमीर पोल्याकोव यांनी त्यांच्यासाठी पुष्कळ लिहिलं. साठच्या दशकात ओडेसा बंदरात यंत्रांवर काम केलेला एक तरुण त्यांच्याकडे आला. तो मिखाईल झ्वानेत्स्की. त्याच सुमाराला रोमान कार्त्सेव आणि व्हिक्टर इल्चेंको हे दोन गुणी नटही संस्थेत आले. पुढे या तिघांची वाट वेगळी झाली, पण त्या वर्षांत तयार झालेले प्रवेश रशियन बोलीत मुरून गेले.

दोन उदाहरणं देतो. एका प्रवेशात गिऱ्हाईक वेडावाकडा शिवलेला सूट घेऊन शिंप्यांकडे येतं आणि हा कुणी शिवला असं विचारतं. तिथे एकाने फक्त खिसे लावलेले, एकाने बाह्या जोडलेल्या, एकाने बटणं शिवलेली. प्रत्येकाचं काम ठीक, बटणं तर तुटता तुटत नाहीत, पण सूट घालता येत नाही आणि सूटची जबाबदारी कुणाचीच नाही. दुसरं स्वगत टंचाईविषयीचं. बाजारात माल मिळत नाही म्हणून गोदामप्रमुख आणि दुकानाचा व्यवस्थापक समाजातले मोठे लोक झाले आहेत. नाटकाच्या पहिल्या खेळाला मानाच्या जागेवर ते बसतात. सगळीकडे सगळं मिळू लागलं तर आपल्याला कोण विचारणार, अशी काळजी त्या बोलणाऱ्याला पडली आहे. एका नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत माणसांचं काय होतं, हे त्या काही मिनिटांत जसं कळतं तसं मोठ्या ग्रंथातूनही कळणं कठीण.

हे सगळं सहजासहजी सादर होत नसे. प्रत्येक मजकूर आधी अधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्यावा लागे. वाक्यं कापली जात, प्रवेश रोखले जात. राइकिन एकेका वाक्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याविषयी एक घाणेरडी अफवाही पसरवली गेली. त्यांनी आईचं शव इस्रायलला पाठवलं आणि शवपेटीत मौल्यवान वस्तू दडवल्या, असं लोक बोलू लागले. ती सपशेल खोटी होती, पण एका ज्यू कलावंताच्या जिव्हारी लागावी म्हणूनच ती रचली गेली होती. लेनिनग्राडचे पक्षप्रमुख ग्रिगोरी रोमानोव यांच्याशीही त्यांचं पटत नव्हतं. अखेर सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते ब्रेझ्नेव यांच्या संमतीने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आपली संस्था घेऊन ते मॉस्कोला गेले.

याच राजवटीने त्यांना मानही दिले. १९६८ साली ते सोव्हिएत संघाचे लोककलावंत झाले, १९८० साली लेनिन पारितोषिक आणि १९८१ साली समाजवादी श्रमवीर हा किताब मिळाला. परदेशांतही त्यांचं नाव होतं. १९६४ मध्ये बीबीसीची दुसरी दूरचित्रवाहिनी सुरू झाली, तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमपत्रिकेत राइकिन यांच्या कार्यक्रमाला जागा होती. बाहेरच्या देशांत ते शक्यतो तिथल्या प्रेक्षकांच्या भाषेत संवाद पाठ करून बोलत.

या मानसन्मानांवरून काही जण त्यांच्यावर आक्षेप घेतात. त्यांनी फटके मारले ते कारकुनांना आणि दुकानदारांना, सिंहासनाला हात लावला नाही, असं ते म्हणतात. मला हा आक्षेप अपुरा वाटतो. सिंहासनावर बोललेलं वाक्य त्या काळी रंगमंचापर्यंत पोचलंच नसतं. राइकिन यांनी दाखवलेला कारकून मात्र तसा का झाला, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हजार माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीला हसली म्हणजे आपण एकटे नाही हे प्रत्येकाला उमगतं. मिळालेले किताब त्यांनी मिरवण्यासाठी वापरले नाहीत. पुढचा प्रवेश मंजूर करून घेताना ते ढालीसारखे पुढे धरले. आणि त्यांच्या अगदी ओंगळ पात्रांतही कुठेतरी माणूस शिल्लक असायचा. द्वेषाने केलेली नक्कल त्यांच्याकडे सापडत नाही.

१९८४ साली ‘तुझ्या घरी शांती नांदो’ हा त्यांचा शेवटचा नवा कार्यक्रम रंगमंचावर आला. १९८७ मध्ये मॉस्कोच्या मारिना रोश्चा भागात, एका जुन्या चित्रपटगृहाच्या जागी, त्यांच्या संस्थेला हक्काची वास्तू मिळाली आणि ‘सातिरिकोन’ हे नाव मिळालं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला राइकिन यांचं निधन झालं. त्यांचे पुत्र कॉन्स्टंटिन यांनी धुरा घेतली. स्वतः नामवंत नट असलेल्या कॉन्स्टंटिन यांनी वडिलांची नक्कल करण्याच्या फंदात न पडता संस्थेला पूर्ण लांबीच्या नाटकांकडे नेलं. १९९२ पासून सातिरिकोनला अर्कादी राइकिन यांचं नाव जोडलेलं आहे.

श्रोतेहो, राइकिन यांचे बरेच प्रवेश चित्रित झालेले आहेत. १९७४ साली पूर्ण झालेला ‘माणसं आणि पुतळे’ हा त्यांचा चार भागांचा दूरचित्रवाणीपट मिळाला तर जरूर पाहा. रशियन येत नसलं तरी चेहरे, खांदे आणि पावलं पाहत राहा, पुष्कळ काही कळेल. आणि आपल्या गावात, आपल्या भाषेत कुणी नट समाजातलं खोटं हसत हसत दाखवत असेल, तर त्याच्या प्रयोगाला तिकीट काढून जा. अशा नटाला शेवटी आधार असतो तो प्रेक्षकांचाच. राइकिन यांनाही तोच होता.